काळ्या रानांतील उंदीर

परभणी तालुक्यांतील पेडगांव हें मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचें गांव. भोंवतालची जमीन मराठवाड्याची नेहमींची काळी, कापसाची व ज्वारीची. वैशाखांत ती इतकी फाटते कीं, भेगेंत सहज हात जावा. शेतकऱ्याला या भेगा कडक उन्हाळ्याची खूण वाटतात. उंदरांच्या एका जातीला मात्र तें आयतें घर होय. या घराची पहिली शास्त्रीय नोंद मराठवाड्यांत नव्हे, तर अशाच मातीच्या धारवाडकडील मुलखांत झाली, आणि ती केली एका मुलकी अधिकाऱ्यानें.

वॉल्टर इलियट हें त्याचें नांव. १८२४ सालीं कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या उठावांत तो कांहीं काळ बंदिवान होता. पुढें १८३९ मध्यें त्यानें दक्षिण मराठा मुलखांतील सस्तन प्राण्यांची यादी मद्रासेंत प्रसिद्ध केली. यादी म्हटली म्हणजे रुक्ष असावयाची. पण उंदरांविषयीं लिहितांना इलियटची लेखणी रमली आहे. वडार ज्यास मेट्टाडे म्हणत, तो मऊ केसांचा उंदीर केवळ शेतांतच राहतो. पांचसहांच्या टोळीनें झुडपाच्या मुळाशीं, दगडांच्या ढिगांत, ‘कोक’ नांवाच्या दुसऱ्या उंदरानें सोडलेल्या बिळांत किंवा भेगांत निवारा करतो. पावसाळा लागला कीं भेगा मिटतात आणि असंख्य उंदीर आंतच मरतात.

१८२६ सालीं आरंभींचा पाऊस कमी पडला. भेगा वेळेवर मिटल्या नसाव्यात, असें अनुमान निघतें. उंदीर बेसुमार वाढले. पेरलेलें बीं त्यांनीं खाल्लें. पीक तयार होतांच ज्वारीच्या ताटांवर चढून कणसें कुरतडून पाडलीं. शेतेंच्या शेतें उजाड झालीं आणि रयतेला सारा भरणें अशक्य झालें. तेव्हां शेतकऱ्यांनीं वडारांना कामास लावलें. इतक्या डझन उंदरांना एक माप धान्य, असा दर होता. धान्य वांचविण्यासाठीं धान्यच मोजावें लागलें! हजारों उंदीर मारले गेले, तरी संख्येंत दिसण्यासारखी घट झाली नाहीं.

दरम्यान १८३७ मध्यें ग्रे यानें लंडनमध्यें या उंदरांचें वर्णन प्रसिद्ध केलें. दुसऱ्या एका उंदराच्या शास्त्रीय नांवांत इलियट आला; मेट्टाडेचें मात्र ‘मेल्टाडा’ झालें. पुढें मुंबईंत १८९६ सालीं प्लेग आला आणि अभ्यासकांचें लक्ष घरांतल्या उंदरांकडे व त्यांच्या पिसवांकडे वळलें. तें योग्यच होतें; परंतु रानांतला उंदीर मागें पडला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १९११ सालीं सस्तन प्राण्यांची पाहणी आरंभिली, तेव्हां क्रंप यानें पहिले नमुने खानदेशांत गोळा केले. गांवोगांवचीं कातडीं आणि कवट्या शेजारीं ठेवून पाहिल्यावरच कोणती जात कोठवर पसरली आहे, हें कळूं लागलें. त्याच वर्षीं थॉमसनें मेट्टाडेच्या कुळाला सोसायटीच्या मिलार्ड या चिटणिसाचें नांव दिलें.

या कुळांतला दुसरा उंदीर १९७५ सालीं मिश्रा आणि धांडा यांनीं सिंहगडाच्या पठारावरून वर्णिला. गडाच्या जुन्या नांवावरून तो कोंडाणा उंदीर झाला. त्याची गणना आज संकटग्रस्त प्राण्यांत होते. एकाच कुळांतला एक पिकाचा वैरी, तर दुसरा स्वतःच नाहींसा होण्याच्या वाटेवर!

भारतीय कृषि संशोधन परिषदेनें १९७७ पासून कृंतक नियंत्रणाचा अखिल भारतीय प्रकल्प चालविला. एकट्यादुकट्यानें विष घालण्याऐवजीं सर्व गांवानें पेरणीपूर्वीं एकाच वेळीं मोहीम करावी, असा सल्ला दिला जातो. रिकाम्या झालेल्या शेतांत शेजारचे उंदीर लौकरच येतात. आतां परभणी जिल्ह्याच्या कांहीं भागांत जायकवाडीच्या कालव्याचें पाणी खेळतें. ओलिताच्या रानांत उन्हाळ्यांतही भेगा पडत नाहींत. मेट्टाडेला मात्र तें रान अधिकच मानवतें: बांधांत बीळ, बारा महिने हिरवा चारा, आणि पहिल्या पावसांत मिटणारी भेगही नाहीं.