पाणी जमिनीला की माणसाला?

"पाणी पंचायत म्हणजे रॉल्सच्या न्यायसिद्धांताचं जिवंत उदाहरण." माझ्या पहिल्या संशोधन आराखड्यात मी हे वाक्य अगदी ऐटीत लिहिलं होतं. तुम्ही लिहिणार असाल तर आधी लोणी काळभोरचा नकाशा समोर घ्या.

खडकवासल्याचा उजवा कालवा हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन असा दौंडकडे जातो. कालव्याखाली तुमची जमीन असेल तर पाणी मागता येतं, ऊस लावता येतो. जमीन जास्त, तर भिजणारं रानही जास्त. भूमिहीन मजुराला यात जागाच नाही. दक्षिणेच्या डोंगरापलीकडे पुरंदर तालुका, कायमचा दुष्काळी. डोंगराच्या कुठल्या बाजूला जन्मलात, यावर सगळं ठरतं. रॉल्स १९७१च्या ग्रंथात नेमकं हेच विचारतो: जन्माच्या योगायोगाने मिळालेलं 'माझ्या हक्काचं' कसं?

१९७२च्या दुष्काळानंतर पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदरमधल्या नायगावला गेले. तिथे देवस्थानची सुमारे ४० एकर पडीक जमीन कराराने घेऊन त्यांनी पाणी अडवण्याचे प्रयोग केले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम साधे, पण उलथापालथ करणारे: पाणी जमिनीच्या आकारावर नाही, घरातल्या माणसांवर. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा, तो दुसऱ्याचं रान वाट्याने कसू शकतो. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही. ऊस बंद.

मग हा रॉल्सच ना? इथेच माझी गाडी अडली. रॉल्सचं भेदतत्त्व विषमता चालवून घेतं, फक्त ती तळच्या माणसाच्या फायद्याची हवी. पंचायत मात्र वरची मर्यादाच ठरवते. रॉल्सच्या कल्पनेतली माणसं अज्ञानाच्या पडद्याआडून नियम ठरवतात. पुरंदरमध्ये कुणाकडे किती जमीन आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी नियम झाले. ते का मान्य झाले, हा खरा इतिहासाचा प्रश्न, आणि पडद्याची उपमा तो झाकून टाकते. उसाच्या बंदीवर तर एखादा उदारमतवादी लगेच म्हणेल, की हा निवडीच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. (मला तसं वाटत नाही. सामाईक पाणी एकाच पिकाने पिऊन टाकलं तर बाकीच्यांनी निवडायचं काय?)

आता हिशेब करून बघा. अडीच एकर म्हणजे पाच माणसं. सात जणांच्या घरालाही तेवढंच. म्हणजे 'माणशी' हा नियम एका टप्प्यावर 'कुटुंबाशी' येऊन थांबतो. सुझन मोलर ओकिनने १९८९मध्ये रॉल्सला हेच सुनावलं होतं, की कुटुंबाच्या आत न्याय आहे हे तो गृहीत धरतो. बाईचा अर्धा एकर मोजला गेला, पण त्यावर काय पेरायचं हे कुणी ठरवलं? मी आराखडा फाडून पुन्हा लिहिला तो या प्रश्नापासून.