मासिक पाळीच्या कपाची कुळकथा

मेन्स्ट्रुअल कप हे पर्यावरणवाद्यांच्या डोक्यातून निघालेलं अलीकडचं खूळ आहे, असं अनेकींना वाटतं. खरं तर हा कप आपल्या आज्यांच्या पिढीचा आहे. लिओना चाल्मर्स या अमेरिकन अभिनेत्रीनं 1935 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1937 मध्ये तिला पेटंट मिळालं. कचऱ्याचा प्रश्न त्या वेळी कुणाच्या गावीही नव्हता. तिच्या मनात होती ती कमरेला पट्टा, त्याला पिना आणि त्यात जाड पट्टी अडकवून दिवसभर वावरणारी बाई. तिला मोकळेपणानं उठता-बसता यावं, एवढ्यासाठी हा रबराचा, लहानशा घंटेच्या आकाराचा कप. रक्त शोषून घ्यायच्या ऐवजी ते साठवायचं, मग ओतून टाकायचं आणि तोच कप धुऊन पुन्हा वापरायचा.

याआधीही लोकांनी डोकं लढवलं होतंच. 1867 सालच्या एका अमेरिकन पेटंटात शरीराच्या आत ठेवायची पिशवी आहे आणि ती बाहेरच्या कमरपट्ट्याला जोडलेली आहे. ते चित्र बघूनच अंगावर काटा येतो. वापरता येईल असा कप दिला तो चाल्मर्सनं. पेटंट मिळालं त्याच वर्षी, 1937 मध्ये, बायकांच्या खासगी आरोग्याविषयी तिनं एक पुस्तकही लिहिलं. मला या पुस्तकाचं फार महत्त्व वाटतं, कारण कप नुसता दुकानात मांडून चालणार नाही, बायकांशी बोलावं लागेल, हे तिला कळलं होतं.

बाजार मात्र न बोलता माल खपवायला शिकला होता. पहिल्या महायुद्धात किम्बर्ली-क्लार्क कंपनी जखमांवर बांधायला लाकडाच्या लगद्यापासून केलेली, कापसापेक्षा कितीतरी जास्त शोषणारी गादी पुरवत होती. रुग्णालयांतल्या परिचारिकांनी ती पाळीसाठी वापरायला सुरुवात केली. युद्ध संपल्यावर उरलेल्या मालाचं काय करायचं, या विवंचनेतून 1920 मध्ये कोटेक्स हे पॅड बाजारात आलं. पण दुकानातल्या पुरुषाकडे ते मागायचं कोणी? मग दुकानदारांनी खोकी काउंटरवर मांडली आणि शेजारी पैशांचा डबा ठेवला. बाईनं पैसे टाकायचे, खोकं उचलायचं आणि चालू पडायचं. एक शब्दही बोलावा लागत नसे.

टॅम्पॅक्स या टॅम्पॉनचीही तीच तऱ्हा. अर्ल हास या डॉक्टरनं 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला जे टॅम्पॉन पेटंट केलं, त्यात पुठ्ठ्याची नळी होती, म्हणजे बाईला स्वतःच्या शरीराला बोट लावायची वेळ येऊ नये. त्याच दशकात जन्मलेल्या चाल्मर्सच्या कपाला ही सोय नव्हती. तो हातानं दुमडायचा, हातानं आत सरकवायचा, हातानंच काढायचा. माझ्या मते कप मागे पडायचं मूळ इथे आहे. त्याच्या गुणात काही कमी नव्हतं. पण ज्या मुलीला स्वतःच्या शरीराची रचना कधी कुणी सांगितलेलीच नाही, तिच्या हातात तो नुसता ठेवला तर ती घाबरणारच.

त्यात दुसरं महायुद्ध आलं. 1942 मध्ये जपाननं मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतल्यावर अमेरिकेला आग्नेय आशियातून येणारं रबर थांबलं. उरलेलं रबर टायरांना आणि लष्कराला गेलं, कपाचं उत्पादन बंद पडलं.

पन्नाशीच्या दशकात तो 'टॅसेट' या नावानं परत आला. तो बनवणाऱ्या कंपनीनं जाहिराती केल्याच, पण परिचारिकांना हजारोंनी फुकट नमुनेही वाटले. रोज बायकांच्या शरीराशी काम करणारी, त्यांच्याशी बोलणारी परिचारिका पटली, तर ती दहाजणींना सांगेल, हा हिशोब बरोबरच होता. तरीही 1963 मध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला. एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालणारी वस्तू आणि दर महिन्याला नव्यानं घ्यावी लागणारी वस्तू, यांत कारखानदार कशाला धरून राहणार? पुढे 'टॅसअवे' नावाचा एकदा वापरून टाकायचा कपही येऊन गेला. कपाचा मुख्य गुणच काढून घेतल्यावर तो घ्यायचा तरी कशासाठी? तोही टिकला नाही.

कपाला पुन्हा जागा मिळाली ती एका दुखण्यामुळे. 1980 मध्ये अमेरिकेत टॉक्सिक शॉक सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले आणि त्याचा संबंध फार काळ आत राहणाऱ्या, अतिशोषक टॅम्पॉनशी निघाला. 'रिलाय' हा टॅम्पॉन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाजारातून मागे घ्यावा लागला. आपण आत काय ठेवतो, ते कशाचं बनलंय, असे प्रश्न बायका उघडपणे विचारू लागल्या. 1987 मध्ये सिनसिनाटीत 'द कीपर' हा नैसर्गिक रबराचा कप सुरू झाला. पुढे 2002 च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रायटन इथे 'मूनकप' आला, तो वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा. हा बदल फार मोलाचा ठरला. रबराची ज्यांना ॲलर्जी, त्यांनाही सिलिकॉन चालतं, आणि ते पुन्हा पुन्हा उकळलं तरी सहसा बिघडत नाही.

आज आपल्याकडे मिळतो तो बहुधा हाच सिलिकॉनचा कप. तो एकदा हातात घेऊन नीट बघावा. काठाच्या खाली सहसा बारीक भोकं असतात. कप आत जाऊन उघडला की काठ योनीच्या भिंतीला टेकतो, त्यामुळे रक्त बाजूनं निसटत नाही. काढताना हवा आत यावी म्हणून ही भोकं. खालची दांडी धरून नुसती ओढली तर दुखतं. कपाचा तळ दोन बोटांत चिमटायचा, पकड सुटली की सावकाश बाहेर काढायचा. ज्या कुणी पहिल्या दिवशी दांडी ओढून 'हे आपलं काम नाही' म्हणून कप कपाटात टाकला, त्यांना ही एक गोष्ट कुणीतरी आधी सांगायला हवी होती. कपात साधारण 20 ते 30 मिलिलीटर रक्त मावतं, आणि एका पूर्ण पाळीत बहुतेकींचं 30 ते 80 मिलिलीटर जातं. म्हणजे दिवसाकाठी दोन-तीनदा ओतला तरी पुरतं. पाळी संपली की पाण्यात पाचेक मिनिटं उकळायचा. तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं, कारण कप ओढताना ती हलू शकते.

कचऱ्याचा मुद्दा या गोष्टीत उशिरा आला, पण आला तो खऱ्या माणसांमुळे. आपल्याकडे पॅड आलं ते दुकानदारानं वर्तमानपत्रात किंवा काळ्या पिशवीत गुंडाळलेलं, आणि घरातून बाहेर गेलं तेही तसंच गुंडाळून. त्याआधी जुन्या सुती साडीच्या घड्या होत्या. त्या धुऊन दुसऱ्या कपड्यांखाली लपवून वाळत घालायच्या, उन्हाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. गुंडाळणं, लपवणं तेच राहिलं, फक्त कापडाच्या जागी प्लास्टिक आलं. आजच्या पॅडच्या तळाला प्लास्टिकचा थर असतो, आत शोषून घेणारं पॉलिमर. महिन्याला 12 पॅड धरली तर दहा वर्षांत एका बाईची 1,440 पॅड होतात. एक चांगला सिलिकॉन कप तेवढी वर्षं टिकू शकतो.

ही पुडकी सोडवतं कोण? पुण्यात कचरावेचक बायका 1993 पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत संघटित आहेत, आणि त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेसाठी दारोदारचा कचरा उचलते. ओला-सुका वेगळा करताना हाताशी आलेलं पुडकं उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. दुसऱ्या बाईचं रक्त रोज हाताला लागणं, ही त्यांच्या कामाची अट असू नये. 2013 मध्ये 'स्वच्छ'नं वापरलेल्या पॅडच्या पिशव्या थेट उत्पादक कंपन्यांना परत पाठवल्या. 2016 च्या घनकचरा नियमांत, पॅड विकणाऱ्या कंपनीनं ते टाकण्यासाठी पिशवी किंवा वेष्टन द्यावं, असं कलम आलं. वर्षानुवर्षं कुणी न बोललेली गोष्ट या बायकांनी कंपन्यांच्या दारात नेऊन ठेवली, याचं मला फार मोल वाटतं.

महाराष्ट्रात 8 मार्च 2018 ला अस्मिता योजना सुरू झाली. तिच्यात जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड मिळायची. शाळा बुडू नये म्हणून ते गरजेचंच होतं, आणि ज्या मुलीच्या घरी पाणी नाही, आडोसा नाही, तिला आज कप घे म्हणणं अन्यायाचं होईल. पण पॅड वाटणं सोपं आहे, पाकीट हातात दिलं की काम संपतं. कपाचं तसं नाही, हे केरळनं समजून घेतलं. 2018 च्या पुरात मदत छावण्यांमध्ये वापरलेली पॅड टाकायची कुठे, हा मोठाच प्रश्न झाला होता. त्यातून 2019 मध्ये आलप्पुळा नगरपालिकेत एचएलएल लाइफकेअर या सरकारी कंपनीनं 'तिंकळ' या प्रकल्पात 5,000 कप दिले, सोबत प्रशिक्षणही. जानेवारी 2022 मध्ये कोची शेजारचं कुंबळंगी हे गाव देशातली पहिली सॅनिटरी नॅपकिनमुक्त पंचायत म्हणून जाहीर झालं.

2019 मध्येच 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये 43 अभ्यासांचा आढावा छापून आला. कपातून गळती पॅड-टॅम्पॉनइतकीच किंवा त्याहून कमी होते आणि वापर जमलेल्या सुमारे 70 टक्के बायकांना तो पुढेही वापरायचा होता, असं त्यात दिसलं. सवय व्हायला मात्र काही महिने जातात, हेही त्यात आहे. त्या दोन-चार पाळ्यांत नव्यानं कप वापरणाऱ्या मुलीजवळ बसून 'दांडी ओढू नकोस, तळ चिमट' असं सांगणारी कुणीतरी लागते: आशाताई, शाळेतल्या बाई, नाहीतर सख्खी मावशी.