शाळेची भाषा आणि घरची बोली

सप्टेंबर २०२३ मध्ये निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील तहसील कचेऱ्यांत वर्षानुवर्षे बांधून ठेवलेले रुमाल सुटले. कागद निघाले, पण ते वाचायचे कोणी, हा प्रश्न पडला. कुठे मोडी होती, कुठे उर्दू. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची नावे त्या कागदांत होती, त्या नातवंडांना आपल्याच घराण्याची नोंद वाचता येईना. उर्दू जाणणाऱ्या माणसाचा शोध सुरू झाला आणि मोहल्ल्यातल्या एखाद्या वृद्ध मौलवीसाहेबांच्या दारी शेतकरी जाऊन बसू लागले.

त्या आरक्षणाच्या वादात आम्हांला आज शिरावयाचे नाही. आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. ती लिपी नातवाला परकी वाटली. पण आजोबा शाळेत गेले असतील तर ते तीच लिपी गिरवीत होते. दोन पिढ्यांत एका समाजाची शाळेची भाषा समूळ बदलावी, असा प्रसंग महाराष्ट्राच्या इतर भागांवर आलेला नाही. तो मराठवाड्यावर आला. आपल्या या शहरात तो कसा घडला आणि त्यातून आज काय घ्यावे, एवढाच आजचा विषय आहे.

हैदराबाद संस्थान हे एका भाषेचे राज्य कधीच नव्हते. १९३१ च्या शिरगणतीप्रमाणे जवळजवळ निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, सुमारे चौथा हिस्सा मराठी, आणि कानडी व उर्दू बोलणारे प्रत्येकी दहाव्या हिश्श्याच्या आसपास. राज्यकारभार आधी फारसीत चाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात तिची जागा उर्दूने घेतली. कचेरी जिच्यात बोलते तिच्यातच शाळा बोलू लागते, हा जगाचा नियम आहे. खालच्या वर्गांत मराठीला जागा होती. परंतु मूल वर सरकले की इतिहास, भूगोल, गणित ही सारी उर्दूतून शिकावी लागत.

१९१८ साली उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली आणि पुढल्या वर्षी तेथे वर्ग सुरू झाले. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण आपल्याकडे उस्मानियाचे नाव निघाले की केवळ जुलमाची आठवण काढण्याची रीत आहे. इंग्रज सरकारची विद्यापीठे इंग्रजीशिवाय विद्या नाही असे मानीत होती, त्या काळात वैद्यक आणि स्थापत्यसुद्धा देशी भाषेत शिकविता येते हे उस्मानियाने करून दाखविले. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले, परिभाषा घडविली, शेकडो ग्रंथ उर्दूत आणले. पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, तेही मातृभाषेतून शिकविण्याच्याच आग्रहाने. तत्त्व दोन्हीकडे एकच होते. मग एकाचे कौतुक आणि दुसऱ्याची तक्रार, असे का?

फरक तत्त्वात नव्हता, मुलांत होता. कर्व्यांच्या वर्गातील मुलीची घरची भाषा आणि वर्गाची भाषा एक होती. उस्मानियाने देशी भाषा निवडली. पण संस्थानातील दहांपैकी नऊ मुलांच्या घरी ती बोलली जात नव्हती. पैठणच्या किंवा भोकरदनच्या कुणब्याच्या पोराला इंग्रजी जितकी दूर, पुस्तकी उर्दू त्याहून फार जवळ नव्हती.

त्या उर्दूचे एक मोठे घर आपल्या याच शहरात होते. मलिक अंबरने १६१० साली वसविलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले, आणि २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. दक्षिणेतील उर्दू कवितेचे आद्य नाव मानला जाणारा वली आणि त्याच्यानंतरचा सिराज, दोघेही इथलेच. उर्दू जगत ज्यांना ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणते ते मौलवी अब्दुल हक इथे शिक्षणखात्याचे अधिकारी होते, पुढे इथल्या कॉलेजचे प्राचार्य झाले. १९१३ पासून १९३८ पर्यंत अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे ठाणे याच गावात होते. ‘उर्दू’ नावाचे त्रैमासिक १९२१ मध्ये इथूनच निघाले, आणि १९३७ चा मोठा इंग्रजी-उर्दू कोशही इथलाच. याच मौलवीसाहेबांनी मराठीवर फारसीचा किती प्रभाव पडला, यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. शेजारच्या भाषेकडे पाहण्याची दृष्टी त्या विद्वानाजवळ होती. राज्याच्या शाळाखात्याजवळ ती नव्हती.

मराठी माणसाने यावर जे केले ते आपणांस ठाऊक आहे. गुलबर्ग्यास नूतन विद्यालय निघाले, हैदराबादेस विवेकवर्धिनी. आपल्या शहरात १९१५ साली सरस्वती भुवनची सुरुवात झाली. हिप्परग्याच्या माळावर १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा उभी राहिली. तिचे मुख्याध्यापक व्यंकटेश खेडगीकर पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि अंबाजोगाईस योगेश्वरी विद्यालय चालवू लागले. पुढे संस्थानच्या मुक्तीचे नेतृत्व एका शाळामास्तराकडे गेले. ज्या राज्यात सभा भरविण्यास परवानगी लागे, तेथे शाळा हीच सभा झाली होती. १९३८ साली इथल्या कॉलेजच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हटले, त्याचे लोण हैदराबादपर्यंत गेले, शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी झाली आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. तेलंगणातले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक.

तथापि निजामी राजवटीत अडाणीपण राहिले ते केवळ भाषेमुळे, असे म्हणणे खरे होणार नाही. १९५१ च्या शिरगणतीत हैदराबाद संस्थानात शंभरांत सुमारे नऊच माणसे साक्षर सापडली. जहागीरदारी, वेठ, जात आणि पोट ही कारणे भाषेच्या आधी उभी होती. वेठीने राबणाऱ्याच्या पोराला कोणत्याच भाषेची शाळा नव्हती. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० मध्ये इथे महाविद्यालय काढले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय झाले, ही घटना भाषेच्या लढ्याइतकीच मोलाची आहे. दार आधी उघडावे लागते. आत कोणत्या भाषेत बोलायचे हा प्रश्न त्यानंतरचा.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर चक्र उलटे फिरले. उस्मानियातून उर्दू माध्यम गेले आणि इंग्रजी आले. इकडच्या शाळांत मराठी आली. हा आनंदाचा दिवस होता यात शंका नाही. पण त्या वर्गांत बसलेल्या मुलांचा विचार करून पाहावा. काल ज्याला ‘मुसल्लस’ म्हटले तो आज ‘त्रिकोण’ झाला, ‘जाविया’चा ‘कोन’ झाला, ‘रकबा’चे ‘क्षेत्रफळ’ झाले. उजवीकडून डावीकडे धावणारी पाटी डावीकडून उजवीकडे धावू लागली. आणि यात एक गंमत आहे. ‘रकबा’ हा शब्द शेतकऱ्याच्या पोराने पटवाऱ्याच्या तोंडून ऐकलेला होता. बापाच्या जमिनीचा रकबा त्याला माहीत होता. ‘क्षेत्रफळ’ त्याने जन्मात ऐकले नव्हते. म्हणजे भाषा मायबोली झाली तरी शब्द परका राहू शकतो. पुस्तकातील मराठी आणि वावरातील मराठी यांत जे अंतर आहे, ते आपण बहुधा मोजीतच नाही.

आमचा हा विषयाशी संबंध कारखान्यामुळे आला. कामगारांत हिंडताना भाषेचा प्रश्न रोज समोर उभा राहतो. वाळूजच्या वसाहतीत बिहारचा, उत्तर प्रदेशचा, ओरिसाचा आणि परभणी-जालन्याचा माणूस एकाच पाळीत काम करतो. एका कारखान्यात यंत्रावरची सूचना इंग्रजीत होती आणि ती न कळल्याने एका पोराची दोन बोटे गेली. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते असे नाही. दहावी झालेला होता. चौकशीत साहेब म्हणाले, सूचना तर लावलेली होती. आम्ही तेव्हापासून संघटनेचे प्रत्येक पत्रक मराठीत आणि हिंदीत काढतो आणि सभेत वाचूनही दाखवितो. न कळणारी सूचना लावणे म्हणजे सूचना न लावणेच होय.

हीच कसोटी शाळेला लावून पाहावी. कन्नड-सोयगावच्या बाजूच्या तांड्यावरचे सहा वर्षांचे मूल शाळेत येते. घरी ते आईला ‘याडी’ म्हणते, भाकरीला ‘बाटी’ म्हणते. आपण त्याच्यापुढे ‘आई’चा ‘आ’ ठेवतो. आपल्या मुलाला त्या क्षणी एकच गोष्ट शिकायची असते, अक्षर. या मुलाला दोन गोष्टी एकदम शिकायच्या असतात, अक्षरही आणि भाषाही. ते अक्षर जोडून शब्द उच्चारते, पण उच्चारल्यावर डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. मग गुरुजी म्हणतात, पोर मंद आहे. वडाऱ्याच्या घरी तेलुगूच्या वळणाची बोली आहे, भिल्लांची वेगळी, आणि वाळूजच्या चाळीतले पोर भोजपुरी बोलते. यांच्या वर्गात शिकविणारे आपणच आहोत, आणि तिथे कचेरीच्या उर्दूची जागा आता आपल्या मराठीने घेतलेली आहे.

हे ऐकून कोणास राग येईल. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी आणण्याचा निर्णय झाला तेव्हा आम्हीही विरोध केला आणि जूनच्या अखेरीस तो निर्णय मागे घेतला गेला याचा आम्हांस आनंद आहे. लहान मुलावर परकी भाषा लादू नये, हेच आपण म्हणत होतो. मग तेच वाक्य तांड्यावरच्या मुलासाठी म्हणताना आपली जीभ का अडखळावी?

यात मराठी सोडावी असे कोणी म्हणत नाही. युनेस्कोने १९५३ मध्येच सांगितले की मुलाला आरंभी त्याच्या मायबोलीतून शिकवावे. १९५६ साली घटनेत ३५० अ हे कलम घालून भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षणात मातृभाषेची सोय करण्याचे काम राज्यांवर सोपविले, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही शक्यतो मातृभाषा असावी असे म्हटले आहे. ओरिसाने २००६-०७ पासून आदिवासी भाषांत पहिलीचे वर्ग चालवून, तिथून हळूहळू ओडियाकडे नेण्याचा क्रम घातला. रीत साधी आहे. पहिले वर्ष-दोन वर्षे गोष्ट, गाणे, मोजणी घरच्या बोलीत; अक्षर देवनागरीच, म्हणजे ते पुढे मराठीला उपयोगी पडते; मराठी आधी कानांवर, मग जिभेवर, शेवटी पाटीवर. याला मोठा खर्च नाही. तांड्यावरची एक शिकलेली मुलगी मदतनीस म्हणून वर्गात बसली आणि गुरुजींनी दोनशे शब्द शिकून घेतले, तरी निम्मे काम होईल. आणि शहरातील उर्दू शाळांत मराठी चांगली शिकविली जावी, मराठी शाळांतील काही मुलांनी आवडीने उर्दू वाचायला शिकावे. आजोबांचे कागद वाचण्यासाठी पुन्हा कोणाच्या दारी जावे लागू नये.

निजामाचे सरकार वाईट हेतूनेच चालत होते असे नाही. आपली भाषा थोर आहे, म्हणून ती सर्वांना चालेल, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते. उर्दू थोर होतीच. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अभिजात ठरलेली मराठीही थोर आहे. पण वर्गात बसलेल्या मुलाचा प्रश्न भाषा किती थोर हा नसतो. समोरचा माणूस काय म्हणतो आहे ते मला कळते की नाही, एवढाच असतो. ज्या प्रांताने हा प्रश्न आपल्या बापजाद्यांच्या तोंडून ऐकला आहे, त्याने तरी तांड्यावरच्या पोराला मंद ठरविण्याआधी एकदा त्याची बोली ऐकून घ्यावी.