एडिस्टनचें दीपगृह आणि झालेल्या कामाचे नकाशे

इमारतीला नकाशे दोन असतात. पहिला ती उभी राहण्यापूर्वींचा, दुसरा ती उभी राहिल्यानंतरचा. पहिल्याची वाट सर्वच पाहत असतात, कारण त्याच्यावांचून मंजुरी मिळत नाहीं, पैसा सुटत नाहीं व मक्तेदार कुदळ मारीत नाहीं. दुसऱ्याची वाट कोणी पाहत नाहीं. काम संपलें, बिलें चुकतीं झालीं, कीं मंडळी पांगतात. परंतु पायाच्या खणतींत जेथें मुरूम लागावयाचा तेथें खडक लागला, खाणींतून ठरल्या मापाचा दगड आला नाहीं, भिंतींतून जावयाचा नळ तीन फूट डावीकडे गेला, या गोष्टी पहिल्या नकाशांत कोठून असणार? पहिला नकाशा हा संकल्प आहे, साक्ष दुसऱ्याची. आमच्याकडील कचेऱ्यांत या दुसऱ्यास ‘कंप्लीशन ड्रॉइंग’ म्हणतात, आणि पुष्कळदां तें तयार करण्याचा विधि असा असतो कीं, जुन्याच नकाशावर पातळ कागद ठेवून रेषा गिरवावयाच्या, तारीख बदलावयाची व खालीं ‘काम याप्रमाणें पुरें झालें’ असा शेरा मारावयाचा. बांधकामाच्या व्यवहारांतील हें दिसावयास सर्वांत निरुपद्रवी असें असत्य होय. त्याचा उपद्रव शेरा मारणाऱ्यास होत नाहीं. तीस वर्षांनीं त्याच जागीं खणावयास येणाऱ्यास होतो.

झालेलें काम जसें झालें तसें मोजून, काढून, छापून ठेवावें, ही बुद्धि ज्या थोड्या लोकांस झाली त्यांत जॉन स्मीटन या इंग्रज स्थापत्यविशारदाचें नांव आम्ही अग्रभागीं ठेवूं. त्याचें एडिस्टनचें दीपगृह पुष्कळांस ऐकून ठाऊक असतें. त्या दीपगृहावरील त्याचा ग्रंथ तितका ठाऊक नसतो. आमच्या मतें त्या दोहोंत ग्रंथाची योग्यता कमी नाहीं.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर प्लिमथ हें मोठें बंदर आहे. तेथून सुमारें १४ मैलांवर भर समुद्रांत एडिस्टन नांवाचा खडकांचा पुंजका आहे. भरतीच्या वेळीं तो बहुतेक पाण्याखालीं जातो, आणि त्यावर आपटून किती जहाजें फुटलीं याची गणति नाहीं. या खडकावर पहिला दिवा लावला हेन्री विन्स्टन्ली यानें, १६९८ सालीं. दुसऱ्याच वर्षीं त्यानें तें दीपगृह अधिक रुंद व अधिक उंच केलें. हा गृहस्थ तांब्याच्या पत्र्यावर चित्रें कोरण्यांत कुशल होता. ऑडली एंड या राजवाड्याचीं त्यानें कोरलेलीं दृश्यें प्रसिद्ध आहेत. तेव्हां त्याच्या दीपगृहाचें चित्र छापलें गेलें नसतें तरच नवल. पण चित्र म्हणजे नकाशा नव्हे. त्यांत सज्जे आहेत, नक्षी आहे, वातकुक्कुट आहेत. आंतील लांकूड लांकडास व लांकूड खडकास कसें धरून होतें हें मात्र त्यावरून कळत नाहीं. १७०३ च्या नोव्हेंबरांत इंग्लंडवर जें महावादळ आलें त्याच्या रात्रीं विन्स्टन्ली आपल्या दीपगृहांतच होता. सकाळीं खडकावर वांकलेल्या कांहीं लोखंडी सळयांवांचून फारसें कांहीं उरलें नव्हतें. दीपगृह पडलें कां, या प्रश्नाचें उत्तर देऊं शकणारा मनुष्य व तें देऊं शकणारे पुरावे असे दोन्ही एका रात्रींत गेले.

दुसरें दीपगृह जॉन रडयर्ड यानें बांधलें. तें १७०९ मध्यें पुरें झालें. रडयर्ड हा लंडनचा रेशमाचा व्यापारी. व्यापाऱ्यानें दीपगृह बांधावें हें ऐकून हंसूं येईल, परंतु त्याची समज पक्की होती. बाहेरून गुळगुळीत, नक्षीचें नांव नाहीं, खालच्या भागांत दगडाचे थर वजनासाठीं घातलेले, आणि सर्व कांहीं खडकांत कोरलेल्या खांचांत लोखंडानें जखडलेलें, असें तें लांकडी दीपगृह लाटांना छेचाळीस वर्षें पुरून उरलें. शेवटीं त्याला पाण्यानें नव्हे, आगीनें नेलें. १७५५ च्या डिसेंबरांत माथ्यावरच्या कंदिलाशीं आग लागली व तें वरून खालपर्यंत जळून गेलें.

आग म्हटली कीं मराठी वाचकास १८२८ सालची शनिवारवाड्याची आग आठवल्यावांचून राहणार नाहीं. तट राहिला, दिल्ली दरवाजा राहिला, जोतीं राहिलीं. पेशव्यांचे कारभारी पैशाचा हिशेब किती बारकाईनें ठेवीत हें पुण्याच्या दप्तरखान्यांत कोणासही पाहतां येतें. पण वरचे मजले नेमके कसे होते हें आज जोत्यांवरून आणि वर्णनांवरून ताडावें लागतें. रायगडावरही तीच गत. तेथें हिरोजीचें नांव दगडांत कोरलेलें आहे, त्यानें काय काय बांधलें याचा शिलालेखही आहे. तुळया किती रुंद होत्या व छपराचा उतार किती होता हें सांगणारा मात्र कोणी नाहीं. हिशेब ठेवणारे लोक नकाशा ठेवतीलच असें नाहीं, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

स्मीटनच्या हातीं हें काम आलें तेव्हां तो बत्तिशीच्या आंतला होता व गणिताचीं, नौकानयनाचीं उपकरणें बनविणारा म्हणून त्याची ख्याति होती. त्यानें प्रथम काय केलें असेल? खडक मोजला. बोट लागेल त्या दिवशीं, ओहोटीच्या त्या दोनचार तासांत, खडकाची उंची-सखोली बिंदुबिंदूनें टिपून त्यानें त्याची प्रतिकृति स्वतःच्या हातांनीं तयार केली. रडयर्डच्या खांचा व त्यांत रुतून राहिलेलें लोखंड त्यानें तपासलें. जळून गेलेल्या दीपगृहाच्या देखभालीशीं संबंध असलेला जोसायस जेसप हा प्लिमथच्या गोदींतील माणूस सुदैवानें हयात होता. त्याला स्मीटननें आपला हस्तक केलें. म्हणजे मागील दोन दीपगृहांविषयींचें ज्ञान खडकांतल्या छिद्रांत आणि एका माणसाच्या आठवणींत शिल्लक होतें. तो माणूस दुसऱ्या गांवीं गेला असता, तर? आम्हांस वाटतें, आपलें दीपगृह पुढच्या माणसापुढें असें कोडें म्हणून ठेवावयाचें नाहीं, हा निश्चय स्मीटनच्या मनांत याच वेळीं रुजला असावा.

त्याच्या बांधण्याच्या पद्धतीनेंच पुढील नकाशांची खात्री दिली. प्लिमथजवळ मिलबे येथें त्यानें कामाचें आवार केलें होतें. मनोऱ्याचा एकेक थर तेथें फलाटावर पूर्ण मांडून पाहिला जाई. प्रत्येक चिरा शेजारच्या चिऱ्यांत पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारख्या सांध्यानें गुंतलेला. खालचे थर तर खडकांतच तसे सांधे कोरून बसविलेले. सांधा जुळला, खुणा केल्या, कीं तो थर सुटा करून बोटींतून खडकावर जाई. बाहेर ग्रॅनिट, आंत पोर्टलंडचा दगड. पायथ्याशीं व्यास २६ फूट, माथ्याशीं १७. खालचा भाग भरीव, वर खोल्या. १७५७ च्या जूनमध्यें पहिला दगड बसला आणि १७५९ च्या ऑक्टोबरच्या १६ तारखेस दिवा लागला. चोवीस मेणबत्त्यांचा तो दिवा होता! आतां ज्याचा एकेक थर जमिनीवर मांडून, जुळवून, खूण करून मग चढविला, त्याचा झालेला नकाशा काढतांना अंदाजास वाव कोठें राहिला?

चुन्याचा विषय येथें सोडवत नाहीं. पाण्याखालीं घट्ट होणारा चुना पाहिजे होता. आमच्याकडे गवंडी चुन्यांत सुरखी घालतात तशी इटलींतील ज्वालामुखीची माती घालण्याची रीत रोमन लोकांपासूनची. स्मीटननें ठिकठिकाणचे चुनखडे आणून ते तेजाबांत विरघळविले आणि पाहिलें कीं, जो चुना पाण्यांत चांगला धरतो त्याच्या दगडांत चिकणमातीचा अंश असतो. चुन्याची शुद्धता म्हणजे त्याचा गुण, ही पूर्वापार समजूत येथें उलटी ठरली. वेल्समधील अ‍ॅबरथॉचा चुना आणि ती इटालियन माती समभाग घेऊन त्यानें काम केलें. पुढील शतकांतील सिमेंटचा धागा येथपर्यंत मागें नेतां येतो. आणि हा शोध सविस्तर छापला गेला केव्हां? १७९१ सालीं, म्हणजे प्रयोगांनंतर जवळजवळ पस्तीस वर्षांनीं.

या विलंबाबद्दल स्मीटनला दोष द्यावयास हरकत नाहीं, पण त्याचें कारण समजून घेतलें पाहिजे. मध्यंतरीं कालवे, पूल, बंदरें व गिरण्या यांनीं त्याचा पिच्छा पुरविला. शिवाय लिहिणें त्याला जड गेलें. बांधण्यापेक्षां लिहिण्यांतच आपल्याला अधिक अडचण पडली, असें त्यानें आपल्या प्रस्तावनेंत मोकळेपणानें कबूल केलें आहे. ग्रंथ निघाला तो मोठ्या आकाराचा, तांब्यावर कोरलेल्या पटांसह. त्यांत विन्स्टन्लीचें दीपगृह आहे, रडयर्डचें आहे, आणि स्वतःच्या मनोऱ्याचा उभा छेद व थरांचे आडवे नकाशे असे आहेत कीं एकेका चिऱ्याची जागा बोट ठेवून दाखवावी. दुसऱ्याच वर्षीं, १७९२ मध्यें, स्मीटन वारला. ग्रंथ आणखी दोन वर्षें लांबता तर तो त्याच्या हातून होताच ना.

आतां छपाईविषयीं. नकाशा अचूक काढणें ही एक गोष्ट आणि तो अचूक छापणें ही दुसरी. तांब्याच्या पत्र्यावर रेषा खोल कोरलेली असते. तींत शाई भरतात, वरचा पत्रा पुसून घेतात आणि ओला केलेला कागद त्यावर ठेवून दाबाच्या रुळांखालून काढतात. कागद ओला नसेल तर तो रेषेच्या खांचेंत शिरत नाहीं. पण ओला कागद वाळला कीं आकसतो, आणि आडवा-उभा सारखा आकसत नाहीं. म्हणजे पत्र्यावर दहा इंच असलेली रेषा वाचकाच्या हातीं दहा इंच येत नाहीं. यावर कारागिरांचा तोडगा साधा होता: मोजपट्टी त्याच पत्र्यावर नकाशाच्या शेजारीं कोरावयाची. कागद आकसेल तर पट्टीही त्याच्याबरोबर आकसेल. जेथें चूक परवडत नाहीं तेथें मापाचे आंकडेच लिहावयाचे. ‘नकाशावर मोजूं नये, लिहिलेलें माप घ्यावें’ हा जो नियम नवशिक्या ओव्हरसियरला पहिल्या दिवशीं शिकवितात, त्याच्या मुळाशीं असा हा ओला कागद आहे.

निळे नकाशे आले तरी ही अडचण गेली नाहीं. १८४२ मध्यें जॉन हर्शेल या ज्योतिषशास्त्रज्ञानें लोहाच्या क्षारांनीं कागदावर निळी छाप उठविण्याची कृति शोधली. पुढें सुमारें तीस वर्षांनीं कचेऱ्यांनीं ती उचलली. मेणकापडासारख्या पारदर्शक कापडावर काळ्या शाईनें काढलेला मूळ नकाशा त्या कागदावर ठेवून उन्हांत धरावयाचा, मग कागद पाण्यांत धुवावयाचा; निळ्यावर पांढऱ्या रेषा उमटतात. नकलनविसाच्या हातच्या चुका एकदम बंद झाल्या, हा फार मोठा लाभ. पण येथेंही कागद भिजतो, वाळतो, आकसतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत अमोनियाच्या वाफेवर कोरडाच उठणारा नकाशा निघाला तेव्हां हें बरेंच सावरलें. आजच्या यंत्रांवर पाणी मुळींच नाहीं. मात्र कागदांत बसावा म्हणून यंत्र नकाशा आपणहून लहान करतें आणि खालचें ‘एकास शंभर’ हें प्रमाण बदलतें असें नाहीं. मोजपट्टी छापणाऱ्या जुन्या कारागिराची आठवण अशा वेळीं येते.

खरा तुटवा मात्र छपाईच्या आधींचाच आहे. कामावरच्या प्रतीवर मिस्त्री किंवा ओव्हरसियर तांबड्या पेन्सिलीनें फरक टिपतो. ती प्रत घामानें, सिमेंटनें, पावसानें मळते. आणि त्या तांबड्या रेषा मूळ नकाशावर चढविण्याचें काम ज्याच्याकडे असतें त्याची तोंवर दुसरीकडे बदली झालेली असते. मग मूळ नकाशावरून कितीही सुबक प्रती काढल्या तरी छापला जातो तो जुना संकल्पच.

स्मीटनच्या ग्रंथाचा उपयोग कोणी केला, असें कोणी विचारील तर उत्तर स्कॉटलंडमध्यें मिळतें. रॉबर्ट स्टीव्हन्सन यानें १८०७ ते १८१० या वर्षांत बेल रॉक या खडकावर दीपगृह उभारलें, तेव्हां एडिस्टनचा ग्रंथ त्याच्यापुढें होता. त्यानें नक्कल केली नाहीं. स्मीटनच्या खोल्यांचे मजले कमानीसारखे होते. त्यांचा भार भिंतींना बाहेर ढकली, आणि तो ताण सांवरण्यासाठीं भिंतींत लोखंडी सांखळ्या बसवून शिसें ओतलें होतें. पटांत हें सर्व उघड दिसतें. स्टीव्हन्सननें तें पाहून मजल्याचे चिरे भिंतीच्या थरांतच गुंतविले, म्हणजे मजला भिंतींना ढकलण्याऐवजीं बांधून धरूं लागला. आपल्या कामाची उणीव इतक्या स्पष्टपणें छापून ठेवणारा पूर्वसूरि लाभला नसता, तर ही सुधारणा स्टीव्हन्सनला लाटांकडून शिकावी लागली असती. त्यानेंही १८२४ मध्यें बेल रॉकचा सचित्र वृत्तांत प्रसिद्ध केला; आणि त्याचा पुत्र अ‍ॅलन यानें स्केरीव्होरच्या दीपगृहाचा वृत्तांत १८४८ मध्यें काढला. एकानें छापलें म्हणून दुसऱ्यास छापणें प्राप्त झालें.

एडिस्टनचा मनोरा सव्वाशे वर्षांच्या आंतच उतरवावा लागला. दोष मनोऱ्याचा नव्हता. खालचा खडक समुद्र पोखरीत होता व मोठ्या लाटेसरशी सर्व डोलारा हादरे. शेजारच्या खडकावर जेम्स डग्लस यानें बांधलेल्या नव्या दीपगृहाचा दिवा १८८२ च्या मे महिन्यांत लागला. प्लिमथच्या लोकांनीं वर्गणी करून स्मीटनच्या मनोऱ्याचा वरचा भाग चिरा चिरा उतरवून आणला आणि किनाऱ्यावरच्या होच्या मैदानांत नव्या ग्रॅनिटच्या बैठकीवर पुन्हां चढविला. तो आजही तेथें आहे व आंत जाऊन पाहतां येतो. खालचा भरीव बुंधा मूळ खडकावरच राहिला. त्याचे चिरे आंतून कसे गुंतले आहेत हें पाहावयाचें असेल, तर १७९१ च्या ग्रंथांतील पटच उघडावे लागतात.