लेसरच्या भिंगा-आरशांचे निरीक्षण व मार्जन : एका प्रयोगशालेय शिस्तीचा इतिहास

लेसरची भिंगे व आरसे स्वच्छ राखण्याचे काम प्रयोगशाळेत सामान्यतः दुय्यम समजले जाते. संशोधन-प्रबंधात त्याचा उल्लेखही क्वचितच आढळतो. तथापि ‘आधी लेसर बंद करावा, मग तपासावे, आणि गरज असेल तरच हात लावावा’ हा जो क्रम आज शिकविला जातो, तो केवळ टापटिपीचा नियम नव्हे. लेसरच्या पहिल्या पंधरा वर्षांत धुळीच्या कणाचा अर्थ पुनःपुन्हा बदलत गेला व त्यातून हा क्रम सिद्ध झाला, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लेसरपूर्व काळात धूळ ही फारशी भयप्रद वस्तू नव्हती. दुर्बिणीच्या वस्तुभिंगावरील विरळ धूळ प्रकाशाचा अल्पसा अंशच अडविते. उलट भिंग वारंवार पुसल्याने त्यावर ओरखडे उठतात. म्हणून जाणते वेधकर्ते ते शक्यतो पुसत नसत.

१६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी मॅलिबू येथे पहिला लेसर चालविला. त्यात माणकाच्या कांडीच्या टोकांनाच चांदीचा मुलामा दिलेला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत जावान, बेनेट व हेरियट यांनी हेलियम-निऑन लेसर सिद्ध केला. त्याचे आरसे नळीच्या आतच होते. १९६२ साली मात्र आरसे नळीबाहेर आले आणि नळीची टोके तिरप्या काचांनी बंद करण्यात येऊ लागली. या लेसरमध्ये प्रकाशाची वाढ एका फेरीत काही टक्क्यांहून अधिक होत नाही. साहजिकच बाहेरील हवेस उघड्या पडलेल्या काचांवर धुळीचा पातळ थर बसला, तरी लेसर मंदावे किंवा विझे. येथे धूळ म्हणजे तूट होती.

१९६४ साली कुमार पटेल यांनी कार्बन डाय-ऑक्साइड लेसर निर्माण केला. पटेल यांचा जन्म बारामतीचा, आणि अभियांत्रिकीची पदवी त्यांनी १९५८ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून घेतली. या लेसरचा १०·६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश साध्या काचेतून जात नाही. त्यासाठी मिठाच्या, जर्मेनियमच्या व पुढे झिंक सेलेनाइडच्या खिडक्या आणि भिंगे वापरात आली. मीठ आर्द्रता शोषते. त्यामुळे काचेवर फुंकर घालून ती पुसण्याची जुनी सवय येथे घातक ठरली. जर्मेनियम तापले की अधिक प्रकाश शोषते व त्यामुळे आणखी तापते. झिंक सेलेनाइड मऊ असून त्याची भुकटी विषारी आहे. म्हणून ते हाताळताना हातमोजे आवश्यक झाले. प्रखर शलाकेच्या मार्गातील कण आता केवळ प्रकाश अडवीत नसे. तो तापून लेपाला करपवीत असे. धूळ म्हणजे उष्णता झाली.

पुढचा बदल सर्वांत महत्त्वाचा होय. अत्यल्प काळ टिकणाऱ्या तीव्र स्पंदांनी निर्मळ दिसणारे पृष्ठभागही फुटू लागले. या प्रश्नावर १९६९ पासून अमेरिकेतील बोल्डर येथे परिसंवाद भरू लागले. सूक्ष्म भेगा, छिद्रे व प्रकाश शोषणारे अंतर्गत कण यांच्यापाशी पृष्ठभागाची सहनशक्ती किती घटते, याचे विवेचन निकोलास ब्लोम्बर्गन यांनी १९७३ साली केले. भेगेपाशी विद्युत्क्षेत्र तीव्र होते, हे एकदा मान्य केले म्हणजे पुसताना उठलेला ओरखडाही धुळीइतकाच, किंबहुना अधिक, संशयास्पद ठरतो. कारण धूळ निघते, ओरखडा निघत नाही. येथे खुद्द मार्जनच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले.

आजची रीत या विचारास अनुसरूनच आहे. तिरप्या प्रकाशात पृष्ठभाग न्याहाळावा. सुटे कण स्वच्छ, कोरड्या वायूच्या झोताने उडवावेत. डाग उरलाच तर द्रावकाने ओला केलेला भिंगकागद दाब न देता एकदाच ओढावा, आणि कागदाचा तोच भाग पुन्हा वापरू नये. कोरड्या कागदाने घासणे म्हणजे कणाकडूनच पृष्ठभाग खरडून घेणे होय.

निरीक्षकाच्या सुरक्षिततेचा प्रश्नही याच काळात पुढे आला. डोळ्याचे भिंग दृश्य व निकट-अवरक्त शलाका दृष्टिपटलावर अतिसूक्ष्म बिंदूत एकवटते. कार्बन डाय-ऑक्साइड लेसरचा प्रकाश तेथवर पोचत नाही, पण डोळ्याचे पुढील पारदर्शक पटल भाजतो, आणि तो दिसत तर नाहीच. अमेरिकेत लेसरच्या सुरक्षित वापराचे राष्ट्रीय मानक १९७३ साली प्रसिद्ध झाले. म्हणून निरीक्षण लेसरच्या प्रकाशात नव्हे, तर लेसर बंद करून वेगळ्या दिव्याच्या प्रकाशात करावयाचे. किल्ली काम करणाऱ्याजवळ असावी. विद्युत्संचयकांत वीज तोडल्यावरही भार उरतो, त्याचे विसर्जन झाल्याची खात्री करून घ्यावी.

गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी उभारलेल्या ‘लायगो’ वेधशाळांत सुमारे ४० किलोग्रॅम वजनाचे आरसे आहेत. त्यांवर द्रवरूप बहुवारिक पसरून, ते वाळल्यावर पापुद्र्यासारखे सोलून काढतात. कण त्याबरोबर निघून येतात. मात्र तेथील काही आरशांच्या लेपातच प्रकाश शोषणारे सूक्ष्म बिंदू आढळले, आणि ते कोणत्याही मार्जनाने निघणारे नव्हते. हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथील ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेला २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. तेथे काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास हा भेद ओळखावाच लागेल. पृष्ठभागावर काय आहे आणि पृष्ठभागात काय आहे, याचा निर्णय हात लावण्यापूर्वीच व्हावयास हवा. मार्जनाचे कौशल्य हातात असेल. त्याचा विवेक मात्र निरीक्षणात आहे.