नक्कल कुणाची, शिक्षा कुणाला? खान्देशातल्या इंग्रजी निबंधाचा इतिहास

परीक्षेचा हंगाम आला की वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. अमुक केंद्रावर भरारी पथकाची धाड, इतक्या कॉप्या जप्त, इतके विद्यार्थी निलंबित. सोबत शाळेच्या भिंतीवर चढलेल्या पोरांचा फोटो. फोटोत कुणाची जात दिसत नाही, तरी वाचणाऱ्याला ती दिसते. लगेच चर्चा सुरू होते की सवलतीवर शिकणाऱ्यांकडून दुसरी काय अपेक्षा ठेवायची! जानेवारी 2025 मध्ये तर राज्य मंडळाने बारावीच्या हॉल तिकिटावरच विद्यार्थ्याचा जातप्रवर्ग छापला होता. शाळेतल्या नोंदी तपासता याव्यात म्हणून तसे केले, असा खुलासा मंडळाने केला. राज्यभर विरोध झाल्यावर ती हॉल तिकिटे मागे घ्यावी लागली. पण उत्तरपत्रिका लिहायला बसलेल्या पोराच्या जातीची चौकशी करावीशी वाटते ही वृत्ती कुठून येते, हा प्रश्न तिकिटांबरोबर मागे गेला नाही.

म्हणून आज एका साध्या वाटणाऱ्या विषयाचा इतिहास पाहू. विषय आहे कॉलेजातला इंग्रजी निबंध, आपली पोरे ज्याला ‘कम्पल्सरी इंग्लिश’ म्हणतात त्यातला. तो स्वतःच्या शब्दांत लिहावा ही अपेक्षा कुणी ठेवली, कुणी मोडली आणि मोडल्याची शिक्षा कुणाला झाली?

‘अपेक्षा’ हा शब्दच पाहा. शिक्षकाने विद्यार्थ्याकडून काय मागावे, हा त्याचा मूळ अर्थ. पण महाराष्ट्रातल्या कोणत्याही विद्यार्थ्याला ‘अपेक्षित’ म्हटले की बाजारात मिळणारा प्रश्नसंच आठवतो. जळगावच्या दुकानात जा नाहीतर धुळ्याच्या, ‘अपेक्षित’ मागितले की दुकानदार विषय आणि वर्ष विचारतो. विद्यार्थ्याकडून काय अपेक्षित आहे हे सांगण्याचे काम शिक्षणसंस्थांनी सोडले आणि ते काम बाजाराने उचलले. हे काही कालपरवा घडले नाही.

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवणे कॉलेजांचे आणि परीक्षा घेणे विद्यापीठाचे, अशी ती व्यवस्था होती. खान्देशात मात्र कॉलेजच नव्हते. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय ही दोन्ही 1945 सालची. म्हणजे विद्यापीठ निघाल्यानंतर तब्बल 88 वर्षे खान्देशातल्या मुलाला पदवीसाठी गाव सोडावे लागत होते. ज्याच्या घरी पैसा, ज्याचे नातलग पुण्या-मुंबईत, तोच जाऊ शकत होता.

आणि जे पोहोचले ते काय करत होते? लॉर्ड कर्झनने 1902 साली विद्यापीठ आयोग नेमला. पुस्तक न समजता त्याच्या नोट्स आणि ‘की’ पाठ करायच्या आणि परीक्षेत ओकायच्या, ही त्या काळातली मोठी तक्रार होती आणि आयोगाने तिची दखल घेतली. आता त्या वेळी परीक्षेच्या दालनात कोण बसले होते ते आठवा. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला होता. तो केवळ जातीमुळे नाकारला गेला, हे सरकारी कागदपत्रांत नोंदलेले आहे. पाठांतराच्या आणि ‘की’च्या तक्रारी सरकारदरबारी पोहोचल्या तेव्हा आपले आजे-पणजे जवळपास वर्गाबाहेरच होते. तेव्हा हा रोग आरक्षणाने आणला म्हणणाऱ्यांनी आधी तारखा पाहाव्यात.

आता आपला इतिहास पाहू. आपल्यातल्या विद्यार्थ्याने लिहिलेला पहिला गाजलेला निबंध मुंबई विद्यापीठाहून दोन वर्षांनी जुना आहे. जोतीराव आणि सावित्रीमाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तो मराठीत होता. तिच्यासमोर कोणती ‘की’ नव्हती, कोणते ‘अपेक्षित’ नव्हते. तिच्या आधी असे कुणी लिहिलेच नव्हते, तर ती नक्कल करणार कुणाची? जे पाहिले ते तिने मांडले आणि त्यावरून धर्माला प्रश्न विचारले. शाळेत जायला लागून फार वर्षे न झालेली मुलगी हे करू शकली, कारण शिकवणाऱ्यांनी तिच्याकडून तीच अपेक्षा ठेवली होती.

नंतर येतात बाबासाहेब. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. आज इंग्रजी निबंधाच्या वर्गात जे नियम सांगतात ते सगळे त्यात पाळलेले दिसतात. सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या जातीच्या व्याख्या बाबासाहेब एकेक करून समोर ठेवतात, ज्याची त्याच्या नावावर. कुठे पटते आणि कुठे कमी पडते ते सांगतात. मग स्वतःचे मत मांडतात. ज्याचे खोडायचे त्याचेही नाव घ्यायचे आणि ज्याचे घ्यायचे त्याचेही नाव घ्यायचे, ही पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याची शिस्त होती.

त्याच निबंधातला एक मुद्दा आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. जात पसरली कशी? एका वर्गाने आपली दारे आतून बंद केली आणि बाकीच्यांनी त्या वरच्या वर्गाचे अनुकरण केले, असे उत्तर बाबासाहेबांनी दिले. अनुकरणाचा सिद्धांत त्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गॅब्रिएल तार्द यांच्याकडून घेतला आणि तसे नावानिशी सांगितले. मित्रांनो, यावर थोडे थांबा. वरच्याचे जसेच्या तसे उचलायचे, ‘का’ असे विचारायचे नाही, ही सवय जातीला जगवते. मग विचार न करता दुसऱ्याचा निबंध उतरवून काढणे ही निव्वळ परीक्षेतली लबाडी राहत नाही. आंबेडकरी विद्यार्थ्याने तर तिच्याकडे जास्तच संशयाने पाहिले पाहिजे.

शिक्षकाच्या बाजूचेही उदाहरण आहे. बाबासाहेबांचा ‘रुपयाचा प्रश्न’ हा लंडनचा प्रबंध 1923 साली ग्रंथरूपाने आला. त्याला प्रस्तावना प्रा. एडविन कॅनन यांची. आपल्याला या लेखकाचे बरेचसे युक्तिवाद पटत नाहीत, असे कॅनन यांनी त्या प्रस्तावनेतच स्पष्ट लिहिले आणि तरीही त्यातल्या ताज्या विचाराची वाखाणणी केली. आपल्याकडे किती प्राध्यापक असे करतील? वर्गात सांगितलेल्या नोट्सपेक्षा वेगळे लिहिले तर गुण कापले जातील, ही भीती विद्यार्थ्याच्या मनात कोण पेरते? स्वतःचे मत लिहिणाऱ्याला पाच आणि नोट्स उतरवणाऱ्याला आठ गुण मिळत असतील, तर प्रामाणिकपणाची अपेक्षा कोणत्या तोंडाने ठेवायची?

आता खुद्द खान्देशात येऊ. ऑक्टोबर 1929 मध्ये बाबासाहेब अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून या भागात आले होते. एका गावातल्या बहिष्काराच्या प्रकरणाची चौकशी करून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यातल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह धरला होता. स्टेशनवर बराच वेळ थांबावे लागले, मग टांगा आला. वाटेत नदीवरच्या पुलावर टांगा उलटला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांच्या पायाचे हाड मोडले आणि घोडा टांग्यासकट नदीत पडला. नंतर कळले ते असे : महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. म्हणून लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसवला, ज्याला टांगा हाकता येत नव्हता.

ही हकिकत बाबासाहेबांनी पुढे इंग्रजीत लिहिली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींत ती आहे. 1990 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते लेखन पुस्तिका म्हणून छापले. कोलंबियाच्या प्राध्यापिका फ्रान्सिस प्रिचेट यांनी ते विद्यार्थ्यांसाठी संपादित केले. चाळीसगावच्या धुळीत घडलेला इंग्रजी निबंध न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्यांपर्यंत गेला! आणि त्यातली लेखनाची शिस्त पाहा. जे स्वतः पाहिले ते आधी, जे नंतर लोकांकडून कळले ते वेगळे करून नंतर. हलक्या हाताने कुणाला खलनायक केलेले नाही. सन्मानाने नेण्याच्या हट्टापायी आपल्याच लोकांनी पाहुण्याचा जीव धोक्यात घातला, हेही त्यांनी लपवले नाही. मोठमोठे शब्द नाहीत, साधी वाक्ये आहेत. ‘माझे गाव’ किंवा ‘अविस्मरणीय प्रवास’ या विषयावर गाईडमधला निबंध पाठ करणाऱ्या पोराला हे पानभर इंग्रजी कुणी वाचून दाखवले आहे का?

दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्याला देण्याचा धडाही खान्देशाकडे घरचाच आहे. जळगावजवळच्या असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरातल्या माणसांनी उतरवून ठेवली. त्या 1951 साली गेल्या. त्यांचे पुत्र सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. वहीतली गाणी आपली म्हणून खपवणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी ती आचार्य अत्र्यांना आईची म्हणून दाखवली आणि 1952 साली आईच्या नावानेच ती छापून आली. 15 ऑगस्ट 1990 रोजी स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला 2018 साली याच बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. तिकडे धुळ्यात 1927 पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांचे जातीविषयीचे विचार आपल्याला मान्य नाहीत, कधीच होणार नाहीत. पण त्यांनी मूळ कागद छापून ठेवले, म्हणून तर त्यांचे निष्कर्ष आपण तपासू शकतो, खोडू शकतो. साधने उघडी ठेवण्याचा फायदा विरोधकालाही मिळतो, आणि खऱ्या विद्येत तो मिळालाच पाहिजे.

2018 सालीच दुसरीही एक गोष्ट घडली. विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियमावली आणली. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचे. चाळीस ते साठ टक्के असेल तर एक वर्ष बंदी. साठच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. पण हे सारे प्रबंध आणि शोधनिबंधांसाठी. विद्यार्थ्यांच्या असाइनमेंट, निबंध, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका या नियमावलीतून वगळलेल्या आहेत. त्याच नियमावलीत दुसरे कलम असे की, श्रेय कसे द्यावे, संदर्भ कसा नोंदवावा, हे पदवीपासूनच्या अभ्यासक्रमात शिकवले पाहिजे. म्हणजे पदवीच्या मुलाला शिक्षा नाही, पण त्याला शिकवण्याचे बंधन संस्थेवर आहे. आता आपल्या आसपासच्या कोणत्याही पदवीच्या विद्यार्थ्याला विचारा, अवतरणचिन्ह कधी द्यायचे हे वर्गात कुणी सांगितले का? जे मिळते त्यावरून ठरवा. टक्केवारी मोजणारे सॉफ्टवेअर विकत घ्यायला तत्परता आणि शिकवायला माणूस नाही, असे असेल तर नियम कुणी मोडला?

शिरपूर-चोपड्याकडच्या आदिवासी पाड्यावरचा मुलगा घरी पावरी किंवा भिलोरी बोलतो, बाजारात अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी आणि कॉलेजात त्याच्यापुढे इंग्रजी येते. त्याला चार भाषा येतात असे कुणी म्हणत नाही, त्याला इंग्रजी येत नाही एवढेच म्हणतात. ज्याच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येते, ज्याची ताई निबंध तपासून देते, त्याला मिळणाऱ्या मदतीला कुणी कॉपी म्हणत नाही. ती संस्कारात जमा होते.

पण हे सगळे सांगून मी आपल्या मुलांना पळवाट देत नाही. व्यवस्थाच चोर आहे, मग आम्ही कॉपी केली तर बिघडले कुठे, असे म्हणणारे कार्यकर्ते आपल्यातही आहेत. बिघडते! उतरवलेल्या निबंधाने पास झालेल्या मुलाला पुढे साहेबाच्या कचेरीत अर्ज लिहायचा असतो, अत्याचाराच्या प्रकरणात फिर्याद वाचून सही करायची असते, न्यायालयात साक्ष द्यायची असते. तिथे गाईड नसते. दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर अंगठा उठवण्यात आपल्या पिढ्या गेल्या, जमिनी गेल्या. दुसऱ्याच्या निबंधाखाली आपली सही करणे हा त्याच अंगठ्याचा शिकलेला प्रकार आहे. आता तर मोबाइलमधले यंत्र मिनिटभरात सफाईदार इंग्रजी निबंध लिहून देते. त्यात व्याकरणाची चूक सापडणार नाही, आणि तुमचा महारवाडा, तुमचा पाडा, तुमचा टांगाही सापडणार नाही.

म्हणून मागण्या दोन्हीकडे आहेत. खान्देशातल्या महाविद्यालयांनी पहिल्याच वर्षी निबंध लिहायला शिकवावे : मुद्दा कसा मांडायचा, दुसऱ्याचे मत कसे नोंदवायचे, आपले कसे वेगळे ठेवायचे. चुकीच्या इंग्रजीतल्या स्वतःच्या विचाराला बरोबर इंग्रजीतल्या उसन्या विचारापेक्षा जास्त गुण द्यावेत. पहिला खर्डा तपासून परत द्यावा आणि गुण दुसऱ्याला द्यावेत. बाबासाहेबांचे चाळीसगावचे प्रकरण इंग्रजीच्या वर्गात वाचले जावे. आणि समाज म्हणून आपणही विहारात, वसतिगृहात आठवड्यातून एक तास काढावा, ज्यात मुले स्वतः पाहिलेले पानभर लिहितील, मोठ्याने वाचतील आणि बाकीचे त्यावर प्रश्न विचारतील. याला अनुदान लागत नाही, मंजुरी लागत नाही. जयंतीच्या डीजेवर जितका खर्च होतो त्याच्या एका कोपऱ्यात वर्षभराच्या वह्या येतात.

जय भीम!