छत्री, कंदील आणि उजनीचं पाणी

मागच्या मे महिन्यात एका मित्राच्या गावी गेलो होतो. करमाळा तालुका, उजनीचा काठ. पाणी बरंच उतरलं होतं. मित्राचे आजोबा काठीनं दाखवत होते, "ते जोतं दिसतंय ना, ते आपलं जुनं घर." मी लगेच मोबाईल काढला आणि शूटिंगबरोबर बडबड सुरू केली. भीमेवरचं धरण, १९८० साली पूर्ण, क्षमता ११७ टीएमसी, वगैरे वगैरे.

रात्री क्लिप बघितली. माहिती सगळी बरोबर. पण आजोबा समोर असूनही दिसतच नव्हते, नुसता माझा आवाज!

आपल्याला ही सवय तशी जुनीच. १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं. थिएटरात मुख्य सिनेमाआधी त्यांचे माहितीपट लागायचे. धरण असो की पूर, प्रत्येक दृश्य समजावून सांगणारा भारदस्त आवाज ठरलेला. गंमत म्हणजे साठच्या दशकात याच सरकारी खात्यात काही जणांनी तो आवाजच काढून टाकला. प्रमोद पतींची 'एक्स्प्लोरर' (१९६८) त्यातलीच. आणि त्याआधी, १९६७ साली, एम. एफ. हुसेन यांची 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर'.

हुसेन मूळचे पंढरपूरचे. म्हणजे याच भीमेच्या काठचे, उजनीच्या खालच्या अंगाला. फिल्म मात्र राजस्थानातली. वीस मिनिटांच्याही आतली, कृष्णधवल. गोष्ट नाही, संवाद नाही. किल्ले, गल्ल्या, माणसं, आणि मधूनच एक छत्री, एक कंदील, एक जोडा. पुन्हा पुन्हा येतात, ध्रुवपदासारखे. छत्रीचा अर्थ काय, कोणी सांगत नाही. कवितेत तरी कुठे सांगतात? सोबतीला विजय राघव राव यांचं संगीत. त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात या लघुपटाला गोल्डन बेअर मिळालं.

आता कोणी म्हणेल, धरणग्रस्तांना कविता काय कामाची? खरंय. जमिनीचा मोबदला मागायला आकडेच लागतात. पण बुडालेल्या गावाचे आकडे सरकारी कागदांत मिळतील. घराकडे बघतानाचा आजोबांचा चेहरा कुठल्या फायलीत मिळणार? आणि तो आठवणारी पिढी आता थकत चाललीय.

फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये एनएफडीसीत विलीन झालं. कॅमेरा मात्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे. येत्या उन्हाळ्यात पाणी उतरलं की पुन्हा जाणार आहे. या वेळी जोतं, काठी आणि आजोबा. मी गप्प.